हंगाम फुटबॉलचा, काळजी समर्थकाची

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की कोल्हापुरात दोन गोष्टी बरोबरीने सुरू होतात. एक थंडी आणि दुसरी फुटबॉलची चर्चा. कोणता खेळाडू कोणती तालीम सोडून कोणत्या तालमीत गेला, यंदा परदेशी खेळाडू कोण आणला, गोलकीपरचा गुडघा बरा झाला का, हे विषय चहाच्या गाड्यापासून सलूनपर्यंत सगळीकडे चालू होतात. मग एक दिवस शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची वरिष्ठ गटाची लीग सुरू होते, आणि माझ्या दवाखान्यातल्या गर्दीचा रंग थोडा बदलतो. घसा बसलेले, खोकून बेजार झालेले, रात्रभर झोप न लागलेले आणि रक्तदाब चढलेले रुग्ण येऊ लागतात. पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता मी विचारतो, "काल मॅच होती काय?" उत्तर बहुतेक वेळा मान हलवूनच मिळते.

खेळाडूंच्या दुखापतींवर वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. गॅलरीत बसणाऱ्या हजारो माणसांच्या प्रकृतीविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही. खेळणारी पोरे विशी-पंचविशीतली असतात. पाहणाऱ्यांत दहा वर्षांच्या मुलापासून पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे असतात. धावपळ खाली मैदानात होते, पण नाडी वर गॅलरीतही वाढलेली असते. म्हणून आजचा लेख समर्थकांसाठी.

आपल्याकडचा समर्थक हा टीव्हीवर सामना पाहून झोपी जाणारा प्रेक्षक नव्हे. संघांची नावेच पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. ज्या तालमींच्या लाल मातीत कुस्ती घुमली, त्याच तालमींनी पुढे फुटबॉल आपलासा केला. शाहू महाराजांच्या काळात 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. तिथे जी ईर्षा आखाड्याभोवती बसायची, ती आता स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसते. शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील असा सामना असला की शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ दोन्ही निम्म्या रिकाम्या होतात. हार झाली की ती अकरा जणांची राहत नाही, सगळ्या पेठेची होते. आमच्या ओळखीतल्या एक बाई माहेरच्या शिवाजी पेठेतल्या आणि सासरच्या मंगळवार पेठेतल्या. सामन्याच्या दिवशी त्या कुणाच्याच बाजूने बोलत नाहीत, दोन्हीकडे चहा करतात. एवढे शहाणपण सगळ्यांना जमत नाही.

हंगामाची सुरुवात समर्थकाला विशेष जड जाते, असे माझे निरीक्षण आहे. एप्रिल-मेपर्यंत आपला संघ किती पाण्यात आहे हे कळून चुकलेले असते आणि मन तयार असते. डिसेंबरात मात्र आशा अगदी ताजी असते. नवा खेळाडू आलेला असतो, सराव सामन्यात चार गोल झालेले असतात, "यंदा डबल मारतोय बघा" असे मित्रांना सांगून झालेले असते. आणि पहिल्याच सामन्यात संघ बरोबरीत अडकतो. दुसऱ्यात पेनल्टी वाया जाते. नवे खेळाडू एकमेकांना ओळखायलाही पाच-सहा सामने लागतात, हे समर्थकाला बुद्धीने माहीत असते, पण छातीला माहीत नसते. जानेवारी उजाडायच्या आत प्रशिक्षक बदला, आघाडीचा खेळाडू काढा, पदाधिकारी बदला, अशा मागण्या कट्ट्यावर सुरू होतात.

पायरीवर बसलेल्या शरीरात काय घडते?

आपला संघ अडचणीत आला की मेंदू तो धोका स्वतःवरच आल्यासारखा समजतो. मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी आहेत. त्यांतून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. नाडी सत्तरची शंभर-एकशेवीस होते, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. समोर वाघ असता तर या तयारीचा उपयोग पळायला किंवा लढायला झाला असता. मैदानात पळणाऱ्या खेळाडूच्या शरीरात ही तयारी कामी येते. गॅलरीतला माणूस बसल्या जागी असतो, आणि तो सगळा जोर हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर येऊन पडतो. तरुण, निरोगी माणसाला याने काही होत नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचला आहे, त्याच्या बाबतीत त्या थराला तडा जाऊन तिथे गुठळी होऊ शकते.

हा केवळ तर्क नाही. 2006 साली जर्मनीत विश्वचषक झाला. म्युनिक आणि परिसरातल्या डॉक्टरांनी त्या काळात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी घेऊन आलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांची नोंद तपासली आणि 2008 मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा तक्रारी इतर दिवसांच्या सुमारे 2.7 पट होत्या. पुरुषांत हे प्रमाण तिपटीहून अधिक होते, स्त्रियांतही पावणेदोन पटींच्या वर होते. सर्वांत जास्त रुग्ण सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत आले. ज्यांना हृदयविकार असल्याचे आधीपासून माहीत होते, त्यांना धोका अधिक होता. इंग्लंडमध्येही 1998 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटवर हार झाली, त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे पाव हिश्शाने वाढल्याचे आढळले. पेनल्टी शूटआउट हा प्रकार कुणी शोधला त्याने डॉक्टरांना विचारले नव्हते, एवढे नक्की.

आता यात आपली थंडी मिसळा. कोल्हापूरची थंडी काही काश्मीरची नव्हे, हे मान्य. पण ती फसवी आहे. दुपारी चारचा सामना असतो, त्या वेळी ऊन इतके असते की माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर घराबाहेर पडतो. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि शेवटची वीस मिनिटे, म्हणजे नेमकी जीव टांगणीला लागण्याची वेळ, गार वाऱ्यात आणि गार पडत चाललेल्या सिमेंटच्या पायरीवर जाते. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्या आकसल्या की तेच रक्त अरुंद वाटेने ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तदाबाच्या रुग्णांचे आकडे उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात चढे राहतात, हे जगभर दिसून आले आहे. थंडी आणि राग या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच माणसाच्या रक्तवाहिन्यांवर काम करतात.

तिसरी गोष्ट माणूस स्वतः खिशातून घेऊन येतो. मावा. सिगारेट ओढणारे निदान बाजूला जाऊन ओढतात. मावा तर सामना सुरू होण्याआधी तोंडात असतो आणि गोल चुकला की दुसरी पुडी फुटते. तंबाखूतले निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते आणि नाडी वाढवते, म्हणजे थंडी आणि राग जे करतात तेच तिसऱ्यांदा करते. शिवाय खारे शेंगदाणे, वडा, सामन्याआधी झणझणीत कटाची मिसळ. मिसळीला मी नावे ठेवणार नाही, मला या गावात राहायचे आहे. पण रक्तदाबाच्या रुग्णाने सामन्याच्या दिवशी दोन वेळच्या मिठाचा हिशेब एका तासात करू नये.

"जाऊ का नको?"

गेल्या हंगामाच्या तोंडावर माझे एक जुने रुग्ण आले. वय बासष्ट, नोकरीतून निवृत्त. वर्षभरापूर्वी हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाल्याने अँजिओप्लास्टी झालेली. पत्नी वारलेली, मुलगा पुण्याला. प्रकृती तपासून झाली तरी उठेनात. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा म्हणतोय यंदापास्नं स्टेडियमकडं फिरकायचं न्हाई. तुमी सांगा. जाऊ का नको?"

मुलाची काळजी खोटी नव्हती. वर दिलेले आकडे मलाही माहीत होते. पण मी त्यांना विचारले, की सामना नसेल त्या दिवशी संध्याकाळी काय करता. म्हणाले, "काय करणार? टीव्ही लावतो न् बसतो." सामन्याच्या दिवशी मात्र ते दोनलाच जेवून तयार असत. तालमीपासून चौघे-पाच जण चालत निघत. तीस वर्षे एकाच कोपऱ्यातली जागा. कुणी आले नाही तर त्याच्या घरी फोन जाई. हे सगळे काढून घेऊन मी त्यांच्या हृदयाचे रक्षण करणार होतो का? एकटेपणाही हृदयाला मारक असतो, हे आता वैद्यकशास्त्राने पुरेसे दाखवून दिले आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना तर असेही आढळले, की गावच्या संघाशी मनाने बांधलेल्या लोकांना एकटेपणा कमी जाणवतो. संघ हरो किंवा जिंको.

त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, समाधानकारक होती. दोन जिने न थांबता चढता येत होते. गोळ्या नियमित होत्या. चालताना छातीत दुखत नव्हते. मी त्यांना जायला सांगितले, पण अटी घातल्या. त्या अटी इथे देतो, कारण अशा शंकेचे पुष्कळ वाचक असतील.

पहिली अट गोळ्यांची. सामन्याच्या गडबडीत सकाळची गोळी चुकवायची नाही, आणि "आज ताण आहे" म्हणून स्वतःच्या मनाने दोन घ्यायच्या नाहीत. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती वरच्या खिशात हवी. ती घरच्या कपाटात राहिली तर काय कामाची? तीच गोळी शेजाऱ्याला कळ आली म्हणून उदारपणे देऊ मात्र नये. रक्तदाब खाली आलेल्या माणसाला ती अपाय करते. दुसरी, स्वेटर आणि कानटोपी दुपारीच पिशवीत घालायची, आणि खाली बसायला घडी केलेले पोते किंवा जाड सतरंजी. यात लाजण्यासारखे काही नाही. तिसरी, मावा पूर्ण बंद. हे त्यांनी मान्य करायला सर्वांत जास्त वेळ घेतला. चौथी, जागा वरच्या पायरीवर गर्दीच्या मधोमध न घेता जिन्याजवळ घ्यायची. पाचवी अट मी त्यांच्या मित्रांना घातली. यांना घाम फुटला किंवा हे एकदम गप्प झाले, तर सामना सोडून यांच्याकडे बघायचे.

घामाचे जरा विस्ताराने सांगतो. बाकीचे कानटोप्या ओढून बसले आहेत आणि एखाद्या माणसाला दरदरून घाम येतो आहे, तर ते साधे लक्षण समजू नये. छातीच्या मध्यभागी दडपण, कुणी दगड ठेवल्यासारखे वाटणे, कळ डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दम लागणे, मळमळणे, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे आहेत. मधुमेहाच्या रुग्णाला आणि पुष्कळदा स्त्रियांना छातीत कळ येतच नाही, नुसता घाम आणि कमालीचा थकवा येतो. आपल्याकडे याला "पित्त झालंय" म्हणून सोडा पाजण्याची रीत आहे. मिसळ खाल्लेली असल्याने सगळ्यांना ते पटतेही. कृपा करून तसे करू नका. त्या माणसाला चालवू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. बसते करा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. स्टेडियमपासून सीपीआर रुग्णालय फार लांब नाही. बंद झालेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडली जाते, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. शेवटची पाच मिनिटे बघून जाऊ, असे म्हणणारे रुग्ण मी पाहिले आहेत. माणूस शुद्ध हरपून पडला आणि श्वास थांबला तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाब द्यावा लागतो. प्रत्येक तालमीतल्या दहा-बारा पोरांनी हे शिकून घेतले तर किती बरे होईल. शिकायला एक दुपार पुरते.

ज्यांना गेल्या काही आठवड्यांत झटका येऊन गेला आहे, थोडे चालल्यावरही छातीत दुखते, किंवा रक्तदाब गोळ्यांनीही आवाक्यात नाही, त्यांनी मात्र यंदाची सुरुवात घरीच काढावी आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच पुढचे ठरवावे. टीव्हीवर किंवा मोबाईलवर बघणाऱ्यांना हे लागू नाही असे समजू नये. म्युनिकमधले सगळे रुग्ण काही मैदानात बसलेले नव्हते. 2022 चा विश्वचषक नेमका नोव्हेंबर-डिसेंबरात आला, तेव्हा आपल्याकडे काही सामने रात्री साडेबाराला सुरू होत. महिनाभर अशी जागरणे करून सकाळी सातला कामावर जाणाऱ्यांचे रक्तदाब मी त्या वेळी मोजले आहेत.

आशेचेही थोडे

हे वाचून फुटबॉल म्हणजे रोगाचे घर असे कुणी म्हणू नये. फ्रान्सने 12 जुलै 1998 ला ब्राझीलला हरवून विश्वचषक जिंकला, त्या दिवशी फ्रान्समधल्या पुरुषांत हृदयविकाराच्या झटक्याने झालेले मृत्यू आधीच्या आणि नंतरच्या पाच दिवसांच्या सरासरीपेक्षा कमी होते, अशी नोंद तिथल्या अभ्यासकांनी केली आहे. एका दिवसाच्या आकड्यावरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, पण तो वाचून मला बरे वाटले.

समर्थकाचे मन मोठे गमतीचे असते. 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवले होते. आपला संघ जिंकला की दुसऱ्या आठवड्यात विद्यार्थी विद्यापीठाचे नाव छापलेले कपडे जास्त घालून येत. बोलताना जिंकल्यावर "आपण जिंकलो" म्हणत, हरल्यावर "ते हरले". यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत जिंकलेल्या संध्याकाळी "आमी मारली" आणि हरलेल्या संध्याकाळी "ह्यांनी घालवली" हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मन स्वतःला असे वाचवते. प्रकृतीच्या दृष्टीने ही सवय वाईट नाही. "ह्यांनी घालवली" म्हणून घरी जाऊन जेवावे आणि झोपावे. ती हार रात्री दोनपर्यंत मोबाईलवर दुसऱ्या पेठेशी भांडून पुन्हा पुन्हा जगणे वाईट. रागाच्या भरानंतरच्या दोन तासांत झटक्याचा धोका वाढतो, हे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. सामन्यानंतर रस्त्यावर होणाऱ्या हाणामाऱ्यांबद्दल तर काय बोलावे? फुटलेल्या भुवईला टाके घालताना मी पोराला गोल कुणी मारला ते विचारतो. बऱ्याचदा त्याला सांगता येत नाही.

वाट पाहण्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या बेसबॉलचे समर्थक आपले गुरू शोभतील. त्यांचा हंगाम वसंताच्या आरंभी सुरू होतो, तेव्हा शिकागोसारख्या शहरात कडाक्याची थंडी असते आणि लोक ब्लँकेटे पांघरून मैदानात बसतात. एका संघाचे नियमित सामने 162. त्यामुळे पहिले दहा हरले तरी तिथला जाणता समर्थक म्हणतो, अजून दीडशे आहेत. शिकागोच्या कब्ज संघाने 1908 साली अजिंक्यपद मिळवले, आणि त्यानंतरचे थेट 2016 साली. एकशेआठ वर्षे! तीन-चार पिढ्या दर वर्षी थंडीत "यंदा नक्की" म्हणत गेल्या. आपल्या लीगमध्ये सामने मोजकेच असतात, त्यामुळे प्रत्येक हार जास्त लागते, हे खरे. पण लीग संपल्यावरही मे महिन्यापर्यंत एकामागून एक स्पर्धा असतात. डिसेंबरातल्या दोन सामन्यांवरून सगळ्या वर्षाचा निकाल लावण्याची घाई कशाला?

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडे. थंड हवेने थेट सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते आणि गर्दीत ते भरपूर असतात. दम्याच्या मुलाला मात्र गार वारा आणि गोलनंतर उडणाऱ्या फटाक्यांचा धूर दोन्ही सोसत नाहीत. त्याचा पंप बरोबर ठेवा आणि हलगीच्या अगदी जवळ बसवू नका, कानांनाही ते बरे नाही.

आणि शेवटी घसा, कारण उद्या सकाळी सर्वांत जास्त लोक त्यासाठीच येतील. ओरडून आवाज बसला तर दोन दिवस कमी बोला. कुजबुजू नका, कुजबुजताना स्वरयंत्रावर उलट जास्त ताण पडतो. साधे किंवा कोमट पाणी भरपूर प्या, वाफ घ्या, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा. खाकरून घसा साफ करण्याची सवय टाळा. एवढ्याने तीन-चार दिवसांत आवाज सुटतो. तीन आठवडे झाले तरी आवाज घोगराच असेल, आणि विशेषतः मावा किंवा सिगारेटची सवय असेल, तर सामन्यातल्या ओरडण्यावर खापर फोडत बसू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात, आणि सकाळच्या वेळी गेलात तर चारच्या सामन्यालाही पोहोचाल.